कमाल दर कोणाच्या कांद्याला?
बाजारभावाचा रकाना, महागाईचा आकडा आणि निवडणुकीचा निकाल वाचताना

सकाळी पेपर आला की कोण कोणते पान आधी उघडतो, यावरून माणूस ओळखावा. पुढारी मंडळी पहिले पान बघतात, पोरं शेवटचे खेळाचे. पण ज्याच्या चाळीत कांदा पडून आहे तो थेट बाजारभावाच्या रकान्यावर जातो. समजा, तिथे छापलेले आहे, 'उन्हाळ कांदा : किमान ७००, कमाल २१००, सर्वसाधारण १५००'. आणि शेजारी ठळक मथळा आहे, 'कांदा दोन हजारांच्या पुढे!' तुम्ही शेजाऱ्याला सांगून पिकअप बोलावता, माल भरता, लिलावात उभे राहता आणि हातात १४५० ची पट्टी घेऊन परत येता. मग पारावर एकच वाक्य. "पेपरवाले काहीही छापतात राव!"

वाचकहो, पेपरवाल्यांची बाजू घ्यायची म्हणून नव्हे, पण खरे सांगायचे तर मथळाही खोटा नव्हता आणि रकानाही नाही. कमाल दर म्हणजे त्या दिवशी त्या बाजारात एखाद्या चांगल्या वक्कलाला मिळालेला सर्वांत वरचा दर. तो पाच गाड्यांना मिळाला असेल, कधी एकाच गाडीलाही. सर्वसाधारण दर म्हणजे ज्या दराच्या आसपास त्या दिवशीचा जास्तीत जास्त माल गेला तो. आपला कांदा मध्यम, सुकवलेला, निवडलेला असेल तर आपल्या पट्टीचा नातेवाईक हा तिसरा आकडा आहे, दुसरा नव्हे. मथळा मात्र नेहमी दुसऱ्याचाच होतो.

आता वहीत एक हिशोब मांडू. हे आकडे समजुतीसाठी धरलेले आहेत. बाजारात १०० सारख्या गाड्या आल्या. त्यातल्या ५ गाड्यांना २१०० मिळाले, ७० गाड्या १५०० ला गेल्या आणि गोल्टी, भिजलेला, मोड आलेला असा २५ गाड्या माल ७०० ला गेला. मथळा २१०० चा. किमान-कमाल मिळवून दोनाने भागले तर १४००. सर्वसाधारण १५००. आणि सगळ्या गाड्यांचे पैसे एकत्र करून वाटले तर क्विंटलला पडतात १३३० रुपये. एकाच दिवसाचे, एकाच बाजाराचे चार आकडे, आणि चारही बरोबर! ज्याला सरकारवर टीका करायची तो ७०० धरतो, ज्याला सरकारचे कौतुक करायचे तो २१०० धरतो. गावात खरोखर किती पैसा आला हे ज्याला बघायचे आहे त्याने १३३० धरला पाहिजे. पण तो आकडा रकान्यात कधीच नसतो.

आवक हा रकाना तर आपण वाचतच नाही. भाव दोनशेने वाढला आणि आवक निम्म्यावर आली, तर ती तेजी आहे की पावसामुळे गाड्या निघाल्या नाहीत, हे आवक बघितल्याशिवाय कळणार कसे? सणाच्या सुटीनंतर बाजार उघडतो त्या दिवशीचा दर तर अजिबात धरू नये.

चाळीतला कांदा हे दुसरे गणित. मे महिन्यात १२०० चा भाव होता, आता १६०० झाला, म्हणजे तिसरा हिस्सा वाढला, थांबलो ते बरे झाले, असे आपण म्हणतो. समजा तेव्हा तुमच्याकडे १०० क्विंटल होता. विकला असता तर १ लाख २० हजार. चार-पाच महिन्यांत वजन घटते, सड निघते, निवडणूक करावी लागते. ७० क्विंटल हाती राहिला तर १६०० ने १ लाख १२ हजारच होतात. भाव ४०० ने चढला आणि घरात ८ हजार कमी आले. अशा घटीत १७१५ च्या वर भाव गेला तरच थांबण्याचा उपयोग, आणि त्यात निवडणीची मजुरी धरलेलीच नाही. २०२३ च्या फेब्रुवारीत सोलापूरला पाच क्विंटलभर कांदा विकून हमाली, तोलाई, गाडीभाडे वजा जाता एका शेतकऱ्याच्या हाती २ रुपयांचा धनादेश पडला, ती बातमी देशभर गाजली. त्या दिवशीच्या रकान्यातही कमाल दर छापलेला असणारच!

'निर्यात खुली' म्हणजे किती खुली?

आता सरकारी बातम्यांकडे येऊ. २०२३ आणि २०२४ ही दोन वर्षे कांदेवाला विसरणार नाही. १९ ऑगस्ट २०२३ ला केंद्राने कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लावले. ऑक्टोबरअखेर टनाला ८०० डॉलर किमान निर्यात मूल्य आले. ८ डिसेंबरपासून तर निर्यातच बंद. ती आधी मार्चअखेरपर्यंत म्हणून सांगितली होती, मग पुढे वाढवली. ४ मे २०२४ ला बंदी उठली. म्हणजे जवळजवळ पाच महिने, रांगडा संपून उन्हाळ कांदा बाजारात येण्याच्या ऐन काळात, दार बंद होते.

बंदी उठल्याची बातमी पहिल्या पानावर मोठ्या टाइपात होती. पण त्याखाली दोन आकडे बारीक टाइपात होते. किमान निर्यात मूल्य ५५० डॉलर आणि शुल्क ४० टक्के. तेव्हा डॉलर ८३ रुपयांच्या आसपास होता. ५५० डॉलर म्हणजे किलोला साधारण ४६ रुपये. त्यावर ४० टक्के शुल्क १८ रुपये. झाले ६४. आणि मागच्या ऑक्टोबरातले ते ८०० डॉलर? किलोला ६६ रुपये! दार उघडले खरे, पण उंबरठा तेवढाच उंच ठेवून. परदेशातला व्यापारी ६४ रुपयांना घेईल तर कांदा जाणार. हे गणित करायला अर्थशास्त्री लागत नाही. गुणाकार-भागाकार येणारे पोर घरात असले की पुरे.

तसाच आणखी एक आकडा. एप्रिल २०२४ मध्ये, ऐन प्रचारात, सहा देशांना ९९ हजार १५० टन कांदा निर्यातीला परवानगी दिल्याची बातमी आली. लाखाच्या घरातला आकडा वाचून वाटते, मोठे काम झाले. पण एकटा आकडा कधी वाचू नये, त्याच्या शेजारी दुसरा ठेवावा. २०२२-२३ या वर्षात देशातून सुमारे २५ लाख टन कांदा बाहेर गेला होता. त्याच्याशी ताडून बघितले तर ही परवानगी शंभरात चार. त्याच सुमारास गुजरातच्या पांढऱ्या कांद्याला २ हजार टनांची वेगळी परवानगी मिळाली. तो आकडा तर अगदीच किरकोळ, पण नाशिक पट्ट्यात राग पेटला तो त्याच्यावरून. माणूस आकड्यावर चिडत नाही, तुलनेवर चिडतो.

सरकारची बाजूही आकड्यातच समजून घ्या. २०२२-२३ मध्ये देशात सुमारे ३०२ लाख टन कांदा पिकला होता, २०२३-२४ चा अंदाज सुमारे २४२ लाख टनांचा निघाला. शंभरातले वीस गेले. शहरात भाव भडकणार ही भीती अगदीच बिनबुडाची नव्हती. १९९८ साली दिल्लीत कांदा भडकला, ऑक्टोबरात मुख्यमंत्री बदलला, नोव्हेंबरात निवडणूकही हातची गेली. ती आठवण दिल्लीत कोणत्याही पक्षाच्या मनातून गेलेली नाही.

गंमत अशी की महागाईच्या मोजमापात कांद्याला जागा फार थोडी. २०१२ हे पायाभूत वर्ष धरून जो ग्राहक किंमत निर्देशांक बरीच वर्षे चालला, त्यात १०० पैकी कांद्याचे वजन ०.६४. म्हणजे कांदा दुप्पट झाला तर ढोबळमानाने सगळी महागाई अर्ध्या-पाऊण टक्क्याने हलते. पण ग्राहक निर्देशांक बघून रडत नाही, पिशवी बघून रडतो. आणि त्या पिशवीतल्या रुपयातले शेतकऱ्याकडे किती पोचतात? रिझर्व्ह बँकेच्या २०२४ च्या एका अभ्यास निबंधात कांद्याच्या बाबतीत तो वाटा सुमारे ३६ पैसे धरला आहे. भाव पाडला तर ग्राहकाचे काही वाचते हे खरे, पण पाडलेल्या भावाचा भार आधी त्या ३६ पैशांवर येतो.

कांद्याने पाडले?

२० मे २०२४ ला दिंडोरी आणि नाशिकला मतदान झाले, बंदी उठून सोळा दिवस झाले होते. दिंडोरीत केंद्रीय राज्यमंत्री भारती पवार यांचा राष्ट्रवादी (शरदचंद्र पवार) पक्षाचे भास्कर भगरे यांनी सुमारे १ लाख १३ हजार मतांनी पराभव केला. नाशिकची जागाही महायुतीने गमावली. दुसऱ्या दिवशी सगळीकडे एकच मथळा, 'कांद्याने रडवले!'

रडवले असेलही. दिंडोरी मतदारसंघात निफाड, येवला, चांदवड, नांदगाव, कळवण आणि दिंडोरी हे सहा विधानसभा मतदारसंघ येतात, आणि तिथे कांद्याशी संबंध नसलेले घर शोधावे लागेल. पण हाच हिशोब पुढे नेऊन बघा. सहा महिन्यांनी, नोव्हेंबर २०२४ मध्ये, याच सहाच्या सहा जागा महायुतीने जिंकल्या. जिल्ह्यातल्या १५ पैकी १४. कांदेवाला तोच, शिवारही तेच.

मग कांद्याचा राग कुठे गेला? मधल्या काळात काय काय बदलले ते मांडा. १३ सप्टेंबरला किमान निर्यात मूल्य काढले, शुल्क ४० वरून २० टक्क्यांवर आणले. निवडणुकीच्या सुमारास भाव चढे होते. ऑगस्टपासून लाडकी बहीण योजनेचे दरमहा १५०० रुपये बायांच्या खात्यात पडू लागले होते. उमेदवार वेगळे, निवडणूक वेगळी, आरक्षणाचे वारे वेगळे. यातले किती मत कशाने फिरले, हे मतमोजणीच्या तक्त्यातून निघत नाही. तक्ता सांगतो कोणाला किती मते पडली. का पडली हे तक्ता सांगत नाही, ते आपण सांगतो, आणि बहुतेक वेळा आपल्याला सोयीचे तेच सांगतो. दिंडोरीतच लोकसभेला तुतारी चिन्हावर भगरे आडनावाच्या दुसऱ्या एका उमेदवाराला लाखाच्या वर मते पडली. तेही कांद्यामुळे म्हणायचे का?

जागा आणि मते यांचाही असाच घोळ. लोकसभेला राज्यात महाविकास आघाडी ३० आणि महायुती १७. वाचले की वाटते दुपटीचा फरक. पण दोघांच्या मतांतले अंतर एका टक्क्याहूनही कमी होते. विधानसभेला भाजप, शिवसेना आणि राष्ट्रवादी या तीन पक्षांच्या मिळून २३० जागा आल्या, २८८ पैकी. पाचातल्या चार! आणि मते? निम्म्याच्या आसपास. तेव्हा 'राज्याने एकमुखाने कौल दिला' असे कोणी व्यासपीठावरून म्हणाले, मग तो कोणत्याही बाजूचा असो, तर मनातल्या मनात मतांचा रकाना उघडावा.

स्वस्ताई कोणाची?

ऑक्टोबर २०२५ ची महागाई ०.२५ टक्के निघाली, त्या मालिकेतली सर्वांत कमी. भाजीपाला तर वर्षात २७ टक्क्यांहून जास्त उतरला. शहरातल्या वाचकाला बरे वाटले. पण आधीच्या वर्षी, ऑक्टोबर २०२४ मध्ये, हाच भाजीपाला ४२ टक्क्यांनी चढला होता. १०० रुपयांची पाटी १४२ ला गेली आणि परत १०३ वर आली. दोन वर्षांत वाढ तीन रुपयांची. चढ्या वर्षावरून मोजले तर कोसळला, त्याच्या आधीच्या वर्षावरून मोजले तर जागेवर. डिझेल, मजुरी, औषध फवारणी दोन वर्षे जागेवर थांबली होती का, हे तुमच्या वहीत असेल.

आणि ग्रामीण निर्देशांकात त्या मालिकेत अन्नपदार्थांचे वजन शंभरात ५४ होते. म्हणजे खेड्यातली महागाई उतरली असे जेव्हा छापून येते, तेव्हा बहुतेक करून खेडे जे विकते तेच उतरलेले असते. १ एप्रिल २०२५ पासून कांद्यावरचे उरलेले २० टक्के शुल्कही गेले होते. दार पूर्ण उघडे, आणि त्या वर्षी भाव पडलेला. तेव्हा सगळा दोष दारालाच देता येत नाही, बाहेरची गिऱ्हाइके बंदीच्या काळात दुसरीकडे वळली असतील तर ती एका अधिसूचनेने परत येत नाहीत.

हे सगळे आकडे येतात कुठून, असे पारावर कोणी विचारले तर सांगा, आपल्याकडूनच. बाजार समितीचा कारकून आपल्याच पट्ट्यांवरून दर लिहितो. पेरा किती हे पीक पाहणीवरून ठरते, आणि २०२१ पासून ती मोबाइलवर आपणच करायची आहे. किती जण करतात? २०२३ ला कांदा मातीमोल झाला तेव्हा राज्य सरकारने क्विंटलला ३५० रुपये अनुदान जाहीर केले, शेतकऱ्यामागे २०० क्विंटलपर्यंत. म्हणजे जास्तीत जास्त ७० हजार. त्यासाठी सातबाऱ्यावर कांद्याची नोंद मागितली गेली. ज्यांची पट्टी होती पण नोंद नव्हती, ते ऐन उन्हात तलाठी कार्यालयाच्या ओट्यावर कागदांची पिशवी घेऊन बसलेले होते.