बिनकागदाचे पुस्तक

मुलांनो, एखादे छापील पुस्तक हाती घ्या आणि ते तुमच्यापर्यंत कसे आले असेल, याचा क्षणभर विचार करा. लेखकाने ते लिहिले. संपादकाने मजकूर तपासला. मुद्रितशोधकाने ऱ्हस्वदीर्घाच्या चुका वेचून काढल्या. छापखान्यात कागदाचे ताव यंत्रातून फिरले, बांधणी करणाऱ्याने ते शिवून त्यांवर वेष्टण चढवले आणि मग त्या पुस्तकांचे गठ्ठे विक्रेत्याच्या दुकानात जाऊन पडले. वाचकाने दिलेल्या किमतीत या प्रत्येकाचा वाटा असतो. लेखकाच्या हाती येतो तो त्यांतील लहानसा अंश.

या साऱ्या व्यवहाराचा खर्च प्रकाशक आधी करतो. हजार प्रती छापाव्या आणि शंभरच खपाव्या, तर उरलेल्या नऊशे त्याच्या गोदामात धूळ खात पडतात. म्हणून हस्तलिखिताची पारख केल्यावाचून तो ते स्वीकारीत नाही. एका अर्थी तो ग्रंथनगरीच्या वेशीवरचा द्वारपाळच होय. हा द्वारपाळ पुष्कळदा योग्य तेच करतो. परंतु कधी कधी चांगले हस्तलिखितही वेशीवरूनच माघारी जाते.

अशा वेळी लेखकाने काय करावे? स्वतःच प्रकाशक व्हावे, हा मार्ग आपल्याकडे जुनाच आहे. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोश’ रचावयाचे ठरवले, तेव्हा एवढ्या अवाढव्य ग्रंथाचा भार उचलणारा कोणी तयार नव्हता. त्यांनी त्यासाठी स्वतंत्र मंडळ स्थापन केले, भांडवल उभारले, वर्गणीदार मिळवले आणि ज्ञानकोशाचे खंड सिद्ध करून दाखवले. मात्र या मार्गाला पैसा आणि कष्ट अतोनात लागत. कागद, शाई, बांधणी, टपाल यांतून कोणाचीही सुटका नव्हती. ती सुटका पुढे संगणकाने केली.

अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात मायकेल हार्ट नावाचा एक तरुण विद्यार्थी होता. ४ जुलै १९७१ रोजी त्याने आपल्या देशाचा स्वातंत्र्याचा जाहीरनामा संगणकात अक्षर अक्षर उतरवला आणि तो कोणालाही वाचावयास मिळेल अशी सोय केली. त्याच्या या उपक्रमास पुढे ‘प्रोजेक्ट गुटेनबर्ग’ असे नाव मिळाले. युरोपात छपाईची कला रूढ करणाऱ्या गुटेनबर्गचे स्मरण त्या नावात आहे. हार्टने ही पुस्तके विकली नाहीत, विनामूल्य दिली. यावरून ध्यानात येईल, की ई-पुस्तकाचा जन्म धनलोभातून झालेला नाही. ज्ञान सर्वांस मिळावे, या इच्छेतून झालेला आहे.

ई-पुस्तक म्हणजे संगणकाला कळेल अशा रीतीने साठवलेले पुस्तक. ते मोबाइलवर, संगणकावर किंवा वाचनासाठी मुद्दाम बनवलेल्या पाटीसारख्या उपकरणावर वाचता येते. त्यास ठरीव पाने नसतात. आजोबांची दृष्टी मंद झाली असेल, तर त्यांना अक्षरे मोठी करून घेता येतात आणि ओळी आपोआप नव्याने मांडल्या जातात. शिवाय त्याची दुसरी प्रत काढावयास कागद लागत नाही. पहिली प्रत तयार झाली, की दहा वाचक असोत वा दहा हजार, प्रती काढण्याचा खर्च जवळजवळ शून्य असतो. गोदामाची भीती येथे उरत नाही.

आता हे पुस्तक लेखक बाजारात कसे आणतो, ते पाहू. प्रथम तो मजकूर संगणकावर लिहितो. मराठीसाठी तो युनिकोड पद्धतीने लिहिणे आवश्यक असते. जुन्या काळी निरनिराळ्या टंकांची सांकेतिक पद्धत निरनिराळी असे. त्यामुळे एका संगणकावर लिहिलेले मराठी दुसऱ्यावर उघडताच त्याच्या जागी अर्थहीन चिन्हांची रांग दिसे. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षरचिन्हाला जगभर एकच क्रमांक असल्याने ही अडचण दूर झाली. मग लेखक प्रकरणांची शीर्षके व अनुक्रमणिका नीट लावतो, मुखपृष्ठ करवून घेतो आणि ते सर्व इंटरनेटवरील ग्रंथविक्रेत्याकडे इंटरनेटवरूनच धाडतो. किंमतही तो स्वतःच ठरवतो. ॲमेझॉन या कंपनीने २००७ साली ‘किंडल’ नावाचे वाचनयंत्र विक्रीस आणले आणि लेखकांनी आपली पुस्तके स्वतः प्रकाशित करावीत अशी सोयही केली. २०१६ च्या अखेरीस मराठीसह पाच भारतीय भाषांसाठी ती सोय खुली झाली.

पैसा कसा मिळतो, हे एका हिशेबाने समजेल. या कंपनीच्या नियमांनुसार पुस्तकाची किंमत ठरावीक मर्यादेत असेल आणि इतर अटी पाळल्या असतील, तर किमतीचे शेकडा ७० लेखकास मिळतात. त्यांतून पुस्तक पोचवण्याचा अल्प आकार वजा होतो. एरवी शेकडा ३५ मिळतात. समजा, एका पुस्तकाची किंमत १०० रुपये आहे आणि शेकडा ३५ हा दर त्यास लागू आहे. तर दर प्रतीमागे लेखकाचे ३५ रुपये झाले. वीस प्रती खपल्या, तर ७०० रुपये. दोन हजार खपल्या, तर ७०,००० रुपये. म्हणजे प्राप्ती दरापेक्षाही वाचकांच्या संख्येवर अधिक अवलंबून असते.

आणि वाचक मिळवणे, हेच तर खरे कठीण काम! इंटरनेटवरील दुकानात पुस्तकांची गणती लाखांनी होते. या महासागरात नवख्या लेखकाचे पुस्तक म्हणजे एक थेंब. त्यावर वाचकाची नजर पडावी कशी? यासाठी शीर्षक असे असावे, की विषय चटकन कळावा. पुस्तकाचे वर्णन मोजक्या शब्दांत आणि खरे असावे. पुस्तक योग्य त्या वर्गात ठेवलेले असावे; पाककृतींचे पुस्तक प्रवासवर्णनांत दडून बसले, तर ते कोणाला सापडणार? सुरुवातीची काही पाने पैसे न देता वाचावयास मिळावीत, म्हणजे भाजी घेण्यापूर्वी ती पारखून पाहावी, तशी वाचकास लेखणीची पारख करता येते. याखेरीज, वाचून झालेल्यांनी लिहिलेले अभिप्राय पुढच्या वाचकास वाट दाखवतात. काही जण आपल्याच पुस्तकाची स्तुती दुसऱ्याच्या नावाने लिहवून घेतात. ही उघड उघड फसवणूक होय. अशा स्तुतीने एक वाचक एकदा फसेल. परंतु तोच वाचक त्या लेखकाचे दुसरे पुस्तक कधी हाती धरणार नाही.

याउलट, खरा वाचक कसा मिळतो, याचे एक सुंदर उदाहरण आहे. अँडी वीअर हा अमेरिकेतील एक संगणकतज्ज्ञ. त्याला लहानपणापासून विज्ञानकथांचा नाद. त्याच्या आधीच्या लेखनाला वेशीवरून नकारच मिळाले होते. २००९ साली त्याने एक नवी कादंबरी लिहावयास घेतली. मंगळावर एकटाच मागे राहिलेला एक अंतराळवीर, बटाटे पिकवून आणि शास्त्राचा आधार घेऊन कसा तग धरतो, असा तिचा विषय होता. प्रकाशकांच्या दारी न जाता वीअर एकेक प्रकरण लिहून होताच ते इंटरनेटवरील आपल्या पानावर विनामूल्य ठेवू लागला.

त्याच्या वाचकांत विज्ञानाचे जाणकार पुष्कळ होते. कोठे रसायनशास्त्राची चूक दिसली, कोठे हिशेब हुकला, की ते त्यास कळवीत. वीअर रुसला नाही. त्याने चुका सुधारल्या. कादंबरी पूर्ण झाल्यावर वाचकच म्हणाले, की ती किंडलवर सहज वाचता येईल अशी सोय करा. तेथे ती फुकट ठेवता येईना, म्हणून त्याने शक्य तितकी कमी, म्हणजे ९९ सेंट, किंमत ठेवली. एक डॉलरला एक सेंट कमी! नवल असे, की तीन महिन्यांत तिच्या सुमारे ३५,००० प्रती खपल्या. जितक्यांनी ती फुकट नेली होती, त्याहून अधिक लोकांनी ती पैसे देऊन घेतली. दर प्रतीस सुमारे ३५ सेंट धरले, तरी ही रक्कम १२,००० डॉलरच्या घरात जाते. मग २०१३ साली प्रकाशक आपण होऊन त्याच्याकडे आले. २०१४ साली ‘द मार्शियन’ ही कादंबरी छापील रूपात निघाली आणि २०१५ साली तिच्यावर चित्रपटही आला.

ही हकिगत ऐकून कोणाला वाटेल, की पुस्तक लिहिले, इंटरनेटवर ठेवले आणि धन आले! तसे समजू नये. असे यश थोड्यांनाच मिळते. असंख्य पुस्तकांना हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच वाचक लाभतात. वीअरची कथा सांगितली ती वेगळ्या कारणासाठी. त्याने आधी वाचकांचा विश्वास मिळवला आणि पैसा त्या विश्वासाच्या मागून आला. शिवाय वेशीवरचा द्वारपाळ नसताना त्याचे काम वीअरने सोडून दिले नाही. ते त्याने आपल्या वाचकांच्या साह्याने स्वतःच केले.

मुलांनो, या विषयाचे मर्म येथेच आहे. नव्या व्यवस्थेत लेखकास अडवणारे कोणी नाही, तसे सावरणारेही कोणी नाही. चुकीचे शुद्धलेखन, खोटी माहिती, घाईत लिहिलेले वाक्य, सारे जसेच्या तसे वाचकापुढे जाते. म्हणून संपादक, मुद्रितशोधक आणि प्रकाशक या तिघांची कर्तव्ये लेखकाच्या एकट्याच्या शिरी येतात. ज्याला ती स्वतः पेलत नाहीत, त्याने जाणकाराची मदत घ्यावी. त्यात कमीपणा नाही.

आणखी एक कर्तव्य आहे, ते प्रामाणिकपणाचे. दुसऱ्याचे लेखन आपले म्हणून विकणे ही चोरीच होय. आपल्या देशाच्या १९५७ च्या कायद्यानुसार लेखनावरील हक्क लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूच्या वर्षानंतर ६० वर्षे राखलेला असतो. साने गुरुजींचे देहावसान १९५० साली झाले. म्हणून त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेली पुस्तके २०११ च्या आरंभापासून सर्वांस खुली झाली. ती आज कोणीही प्रकाशित करू शकतो. परंतु त्यांवर स्वतःचे नाव घालण्याचा अधिकार कोणालाच नाही. तसेच एखाद्याने कष्टाने लिहिलेले ई-पुस्तक परवानगीवाचून मित्रमंडळींत वाटणे, हेही त्याच्या घासातील घास काढून घेण्यासारखे आहे. प्रत काढावयास खर्च लागत नाही, याचा अर्थ लेखकास श्रम पडले नाहीत, असा नव्हे.

आज कोकणातील एखाद्या खेड्यात लिहिलेले मराठी पुस्तक लंडनमधील किंवा न्यू जर्सीतील मराठी कुटुंब त्याच घटकेस उघडून वाचू शकते. उद्या तुमच्यापैकीही कोणी असे पुस्तक लिहील. त्या वेळी ते जगापुढे ठेवण्याआधी एकदा स्वतःशीच विचारा : “हे पुस्तक वाचकाला त्याने दिलेल्या पैशांचे आणि वेळेचे मोल परत देईल काय?” या प्रश्नाला ‘होय’ असे खरेखुरे उत्तर देता आले, तरच ते पुस्तक धाडा. पैसा कमी मिळो वा अधिक, ती कमाई निर्मळ असेल.