सांभाळणाऱ्याची दखल

बदलापूरच्या बेलवलीसारख्या गावात, जेथे भातशेतीच्या जमिनीवर पाहता पाहता इमारती उभ्या राहिल्या आणि घरातील कर्ती माणसे सकाळच्या लोकलने मुंबई गाठून रात्री परततात, तेथे एखादे आजोबा भरदुपारी अनवाणी उल्हास नदीच्या वाटेला लागले आणि कोणी हात धरून त्यांना घरी आणून सोडले, की आळीत पहिला प्रश्न रोगाविषयी निघत नाही. ‘सून बघत नाही वाटतं’ असाच सूर निघतो. त्या सुनेने सकाळपासून तीनदा धोतर बदललेले असते, आणि जेवून हात धुतल्यावर घटकाभरात ‘मला कोणी वाढलंच नाही’ ही तक्रार ऐकून पुन्हा चार घास भरवलेले असतात. पण याची नोंद कोणाच्या दप्तरी होत नाही.

विक्रम पटेल व मार्टिन प्रिन्स या मनोविकारतज्ज्ञांचा गोव्यातील अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात हीच समजूत आढळते: स्मृतिभ्रंशाची लक्षणे लोकांना ओळखता येत होती, परंतु ती वार्धक्याचा स्वाभाविक भाग, किंवा मुलांनी हेळसांड केल्याचे फळ मानली जात, आणि म्हणून वैद्याकडे जाण्याचे प्रयोजन कोणास वाटत नसे. मुलांच्या सेवेमागे कित्येकदा मिळकतीच्या वारशाची अपेक्षा असते, हेही त्यांनी नोंदले. ज्या गावात सातबाऱ्याच्या उताऱ्याला सोन्याचे मोल आले आहे, तेथील वाचकाने हे वाक्य दोनदा वाचावे.

वस्तुतः स्मृतिभ्रंश म्हणजे म्हातारचळ नव्हे. अलोइस अल्झायमर यांनी १९०६ मध्ये ट्युबिंगेन येथे ज्या स्त्रीची हकीकत सांगितली, ती ऑगस्टे डेटर इस्पितळात दाखल झाली तेव्हा अवघी एक्कावन्न वर्षांची होती. तिच्या मृत्यूनंतर मेंदूत सापडलेली, पेशींबाहेर साचलेली किटणे आणि पेशींच्या आत पडलेला तंतूंचा गुंता, हीच आजही अल्झायमर या स्मृतिभ्रंशाच्या प्रकाराची खूण आहे. भारतात साठी ओलांडलेल्यांपैकी सुमारे ७.४ टक्के, म्हणजे जवळजवळ ८८ लाख माणसे स्मृतिभ्रंशाने ग्रस्त असावीत, असा २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीचा अंदाज आहे. स्त्रियांत आणि ग्रामीण भागात हे प्रमाण अधिक.

मूळ विकार पुरता बरा करणारा इलाज नाही; मग करावे काय? याचे मला सर्वांत मोलाचे वाटणारे उत्तरही गोव्याचेच आहे. अमित डायस व त्यांच्या सहकाऱ्यांनी तिसवाडी व बार्देश या तालुक्यांत ८१ कुटुंबे निवडली आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने त्यांचे दोन गट पाडले. एका गटाकडे सहा महिने गृहसल्लागार जात. हे डॉक्टर नव्हते. बारावीपर्यंत शिकलेली, स्थानिक भाषा बोलणारी, कामाची तळमळ असलेली माणसे होती, आणि त्यांच्या पाठीशी एक मनोविकारतज्ज्ञ असे. रुग्ण चिडला तर वाद न घालता काय करावे, आंघोळ कशी घालावी, सरकारी योजनांचा लाभ कसा मिळवावा, हे ती घरात बसून सांगत आणि अशाच दुसऱ्या कुटुंबांशी गाठ घालून देत. २००८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले: रुग्णांच्या वर्तनात वा कार्यक्षमतेत खात्रीने सांगण्याजोगा फरक पडला नव्हता, मात्र सांभाळणाऱ्यांचे मनःस्वास्थ्य निश्चित सुधारले होते. त्या अवधीत अठरा रुग्ण निवर्तलेही. इतक्या उतरत्या काळात, इतक्या अल्प साधनांनी, घरातल्या माणसाचा जीव हलका करता आला, हे मी थोर यश मानतो.

कुळगाव-बदलापूर नगरपरिषदेच्या हद्दीत बारावी झालेल्या, माणुसकीने वागणाऱ्या स्त्री-पुरुषांची वाण नाही. त्यांतील थोड्यांना शिकवून, आशासेविकांच्या जोडीला घरोघर पाठवावे. आणि वृद्धाच्या नावाचा जो कागद तयार होईल, त्यावर सांभाळणाऱ्याचे नाव, त्याची झोप आणि त्याची प्रकृती यांसाठीही रकाना असावा, असा माझा आग्रह आहे.