दाढेची सूज हनुवटीखाली उतरली, तर सकाळची वाट पाहू नका

दाढ ठणकायला लागली की आपल्या वस्तीत उपाय ठरलेले असतात. लवंग दाबायची, मिसरी घासायची, नाहीतर तंबाखूची चिमूट दाढेत धरायची. दोन दिवसांनी मेडिकलवरून गोळी येते. ठणका थांबतो, कीड मात्र आत काम करीतच राहते. दाढेसाठी मजुरी कोण बुडवणार, ही अडचण आम्हालाही खोटी वाटत नाही. पण याच दाढेपायी माणूस गुदमरून दगावू शकतो, हे फार घरांत माहीत नाही.

खालच्या मागच्या दाढांची मुळे जबड्यात खोल जातात. तोंडाचा तळ ज्या स्नायूने धरला आहे, त्याच्याही खाली त्यांची टोके पोचतात. त्यामुळे तिथला जंतुसंसर्ग हिरडीत फुटण्याऐवजी जबड्याखालच्या मऊ भागात उतरतो. सूज दोन्ही बाजूंना पसरते, जीभ वर आणि मागे ढकलली जाते आणि श्वासाची वाट बंद होऊ लागते. जर्मनीतील डॉक्टर लुडविग यांनी 1836 साली या आजाराचे वर्णन केले. प्रतिजैविके नव्हती तेव्हा निम्म्याहून अधिक रुग्ण दगावत. आता वेळेवर पोचलेले बहुतेक वाचतात.

घरी याला गालगुंड समजतात आणि हळद-चुन्याचा लेप लावून निजवतात. गालगुंडाची सूज कानापुढे, कानाखाली येते आणि बहुधा लेकरांना. ही सूज हनुवटीखाली येते आणि लाकडासारखी टणक लागते. थुंकी गिळवत नाही, लाळ गळते, तोंडात गरम घास धरल्यासारखे बोलणे होते. माणूस आडवा होऊ शकत नाही, पुढे वाकून बसतो. त्याला तसेच बसू द्या, बळजबरीने झोपवू नका. शेकू नका, सुई टोचू नका. गुटखा खाणाऱ्याचे तोंड आधीच कमी उघडते, त्यामुळे घरच्यांना नवे काही वाटत नाही आणि धोका कळायला उशीर होतो. राज्यात 2012 पासून गुटख्यावर बंदी आहे. टपरीवर काय चालते ते आपण पाहतोच.

साखरेचा आजार असेल तर संसर्ग झपाट्याने पसरतो, मानेची कातडी काळी पडून सडू लागते, कधी तो छातीपर्यंत उतरतो. 2021 मध्ये कोरोनानंतर काळ्या बुरशीने किती जणांचे जबडे आणि डोळे काढावे लागले, ते विसरण्यासारखे नाही. तो आजार वेगळा, पण तिथेही वाढलेली साखर हेच मोठे कारण होते. बाबासाहेबांना मधुमेहाने किती छळले, हे आपण जयंतीला सांगतो. स्वतःची साखर मात्र तपासत नाही.

वरची लक्षणे दिसली तर रात्र असो की पहाट, 108 ला फोन करा. फोनवर ‘दाढ दुखते’ म्हणू नका, ‘श्वास अडतोय, गळा सुजलाय’ असे सांगा. आधी जालन्याचे जिल्हा रुग्णालय. तिथून सुमारे 60 किलोमीटरवरील घाटीला पाठवले तर लगेच निघा. तिथे डॉक्टर पहिल्यांदा श्वासाची वाट मोकळी करतात. नळी तोंडातून किंवा नाकातून जात नसेल तर गळ्याला छिद्र पाडावे लागते. इथेच नातेवाईक घाबरतात आणि सही न करता रुग्णाला परत नेतात. ते छिद्र बहुतेकदा कायमचे नसते, सूज उतरल्यावर बुजते. मग शिरेतून औषध, चिरा देऊन निचरा, आणि दोषी दाढ काढणे.

जिल्हा रुग्णालयात 15 ऑगस्ट 2023 पासून उपचार मोफत आहेत, किडलेली दाढ काढणेही त्यात आले. तरीही आयाबाया कचरतात, कारण दाढ काढली की नजर जाते असे ऐकलेले असते. दाढेच्या आणि डोळ्याच्या नसा वेगवेगळ्या असतात. दाढ काढल्याने नजर जात नाही.