दहा मोजेपर्यंत

सकाळी 6.00
धारणीत रात्रभर पाऊस आहे. डबा भरला. पोळ्याच्या बाजारातून आणलेले मातीचे गाय-बैल फडक्यात गुंडाळून पिशवीत ठेवले. आजचा तास त्यांच्याच भरवशावर आहे.

9.30
परिपाठ. पहिलीची मुलं प्रतिज्ञा एका सुरात, न अडखळता म्हणतात. पण पाठ झालेलं वाक्य वेगळं आणि उमगलेलं वेगळं, हे कळायला मला इथे दोन वर्षं लागली. तेव्हा गप्प बसणाऱ्या लेकरापुढे मी वहीत ‘प्रतिसाद देत नाही’ असं लिहायची. त्याची आजही बोच आहे.

10.15
सगळ्यांच्या घरची भाषा कोरकू. ती मुंडा कुळातली, संथाली-मुंडारीची बहीण. मराठीशी तिचं रक्ताचं नातं नाही. ‘कोरो’ म्हणजे माणूस, ‘कोरकू’ म्हणजे माणसं. ‘सिटा’ म्हणजे कुत्रा, पुष्कळ झाले की ‘सिटाकू’. नेमके दोन असतील तर त्यासाठी आणखी निराळा प्रत्यय. ही भाषा सजीव-निर्जीव हा भेद काटेकोर पाळते, पण बाई की बुवा हे पाहून क्रियापद बदलत नाही. मराठीत मात्र घोडा पळाला, गाडी पळाली, वासरू पळालं.

एक मुलगी उठून म्हणाली, “मॅडम, मी भुट्टा खाल्ली.”

हसण्यासारखं यात काही नाही. मुलगी ‘आली’, ‘गेली’ म्हणते, हे तिने कान देऊन टिपलं आणि तोच नियम ‘खाल्ली’ला लावला. इथे क्रियापद खाणारीच्या नव्हे, भुट्ट्याच्या मागे जातं, हे तिला अजून कुणी दाखवलेलं नाही. माझी आई अस्सल वऱ्हाडी. ती जन्मभर ‘मी जातो’ म्हणत आली. तिची मराठी कच्ची आहे, असं कुणी म्हणालं नाही.

12.00
गाय-बैल टेबलावर मांडले. “गाईने बैलाला ढकललं. दाखव.” मुलाने लगेच दाखवलं. मग म्हटलं, “बैलाला गाईने ढकललं.” त्याने बैल उचलला, गाईकडे नेला आणि मध्येच थांबला. ओठ हलले: बैलाला... बैलाला... मी मनात आकडे मोजू लागले. पूर्वी तीनवरच मी उत्तर सांगून मोकळी व्हायची. आठवर त्याने बैल खाली ठेवला आणि गाय उचलली. आधी आलेलं नाव म्हणजे करणारा, हा अंदाज त्याने ‘ला’ ऐकून स्वतःच मोडला होता.

1.30
खिचडीची पंगत. हीच मुलं कोरकूत धबधब्यासारखी बोलतात. तासाला अडखळतात ती जीभ जड म्हणून नव्हे.

3.30
मोठ्या वर्गातला एक मुलगा पहिलीला गोष्ट कोरकूत सांगतो, मग मी तीच मराठीत. प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करावी, हे 1956 च्या दुरुस्तीने राज्यघटनेत आलेलं कलम 350 क सांगतं. माझ्या वर्गात ते या मुलाच्या तोंडून येतं.

रात्री 8.00
अकोट तालुक्यातून मैत्रिणीचा फोन. मेळघाटातून उठून तिकडे वसलेल्या कोरकू कुटुंबांची मुलं तिच्या वर्गात आहेत. “व्हय वं, माह्याकडचे लेकरंही असेच थांबतात,” ती म्हणाली.

तिला मी लिऊ, बेट्स आणि ली यांच्या 1992 च्या अभ्यासाबद्दल सांगितलं. चिनीत नामांना विभक्तीचे प्रत्यय नाहीत. कुणी काय केलं हे ठरवताना चिनी माणूस त्यातलं सजीव कोण, याकडे आधी पाहतो. इंग्रजी माणूस आधी शब्दांचा क्रम पाहतो. मोठेपणी इंग्रजी शिकलेले चिनी लोक इंग्रजी वाक्यातही सजीवालाच शोधत राहिले. मोठेपणी चिनी शिकलेले इंग्रजी भाषक तिथेही क्रमालाच धरून राहिले. आपल्या भाषेचा कंदील घेऊनच माणूस दुसऱ्या भाषेच्या घरात शिरतो. उजेड पुरेसा पडायला वेळ लागतो.

9.30
वही उघडली. त्या मुलाच्या नावापुढे लिहिलं: ‘आठवर उत्तर. स्वतः सुधारलं.’ उद्या त्या मुलीसाठी एक भुट्टा आणि एक काकडी न्यायची. दोन्ही खाऊ घालायचे, आणि काय काय खाल्लं ते विचारायचं. मग दहा मोजेपर्यंत थांबायचं.