शेन-छू : चीनमधील आंबवलेले पाचक औषध

धान्य आंबवून अन्न व मद्य तयार करण्याची कला पूर्व आशियात फार प्राचीन आहे. चीनमध्ये याच कलेतून ‘शेन-छू’ हे पाचक औषध निर्माण झाले. जिया सी-शिए यांच्या सहाव्या शतकातील कृषिग्रंथात या नावाने मद्याच्या विरजणाच्या कृती दिलेल्या आहेत. पुढे वैद्य ते खास औषधासाठी तयार करवू लागले. ली शि-चेन यांच्या, १५९६ साली प्रसिद्ध झालेल्या औषधिग्रंथात त्याची कृती आढळते.

कृती : गव्हाच्या पिठात लहान तांबड्या कडधान्याचे पीठ व जर्दाळूच्या बियांचा वाटलेला गर मिसळतात. त्यात तीन हिरव्या वनस्पतींचे रस घालतात : दवण्याच्या वर्गातील एक वनस्पती, पाणथळ जागेतील एक तिखट वनस्पती, व आपल्याकडे ओढ्याकाठी तण म्हणून वाढणारा काटेरी फळांचा शंकेश्वर. या मिश्रणाच्या वड्या पानांत गुंडाळून उबेत ठेवतात. त्यांवर पिवळसर बुरशी चढली की त्या उन्हात वाळवितात.

उपयोग : जड जेवणाने पोट फुगणे, भूक मंदावणे अशा तक्रारींवर हे औषध देतात. बुरशी धान्यावर वाढताना एन्झाइम नावाची द्रव्ये सोडते. त्यांपैकी काही पिठूळ पदार्थाचे साखरेत रूपांतर करतात. या गुणाचा उपयोग करून जोकिची ताकामिने या जपानी रसायनशास्त्रज्ञाने अमेरिकेत गव्हाच्या कोंड्यावर बुरशी वाढवून पाचक द्रव्य काढले व १८९४ साली त्याचे पेटंट मिळविले. आजच्या अनेक पाचक औषधांतही बुरशीपासून काढलेले डायास्टेज असते. तथापि शेन-छू पुष्कळदा करपेपर्यंत भाजून देतात. अशा उष्णतेने एन्झाइम नष्ट होतात. म्हणून त्याच्या गुणाचे सारे श्रेय त्यांना देता येत नाही.

सावधगिरी : वरील माहितीवरून बुरशी आलेले धान्य औषधी असते, असा समज कोणीही करून घेऊ नये. आंबविण्यास उपयोगी पडणारी ‘अ‍ॅस्परजिलस ओरायझी’ ही बुरशी व भुईमूग, मका यांवर येणारी ‘अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस’ ही बुरशी अगदी जवळच्या नात्यातील आहेत. दुसरी बुरशी यकृतास घातक असे अफ्लाटॉक्सिन विष निर्माण करू शकते. नुसत्या डोळ्यांनी त्यांतील भेद खात्रीने ओळखता येत नाही. भाजल्याने वा शिजविल्यानेही हे विष पूर्णपणे जात नाही. असे धान्य गुरांस घातल्यास विषाचा अंश दुधात उतरतो.

शंकेश्वराच्या बिया व कोवळी रोपे गुरांना व माणसांनाही विषारी आहेत. कडू जर्दाळूच्या बियांपासून पोटात सायनाइड तयार होते. म्हणून हे औषध घरी करून पाहू नये.

ग्रामसेवकांनी सुगीच्या वेळी शेतकरी बंधूंना पुढील गोष्टी आवर्जून सांगाव्यात : धान्य व शेंगा चांगल्या वाळवून कोरड्या जागी साठवाव्यात, बुरशी आलेला माल खाण्यास वा गुरांस देऊ नये, आणि अपचनाची तक्रार वारंवार होत असल्यास प्राथमिक आरोग्य केंद्रात प्रकृती दाखवावी.