गोरेपणाची जाहिरात वर्गात वाचताना

राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या निमित्ताने शाळांमधून बोलायला जाण्याचा योग दरवर्षी येतो. अशाच एका कार्यक्रमानंतर नववीतली एक मुलगी सगळे निघून जाईपर्यंत रेंगाळली आणि मग हळूच म्हणाली, "मॅडम, क्रीम लावून खरंच गोरं होतं का? मी सहा महिने लावतेय." मी उत्साहाने मेलॅनिन, विकर वगैरे सांगू लागले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "म्हणजे नाही ना?" मग कळले की पाहुण्यांच्या स्वागतगीतात तिचा आवाज सगळ्यांत पुढे होता, पण तिला उभे केले होते मागच्या रांगेत. आणि ती लावत होती ते क्रीम ओळखीच्या पार्लरमधून आणलेल्या, कसलेही लेबल नसलेल्या डबीतले होते.

तिच्या एका प्रश्नात खरे म्हणजे दोन प्रश्न होते. क्रीम त्वचेचे काय करते, हा एक. आणि गोरे व्हायला हवे असे तिला वाटायला लावणारी जाहिरात काय करते, हा दुसरा. पहिला विज्ञानाचा आणि दुसरा समाजाचा, अशी वाटणी आपण सहज करून टाकतो. पण निरीक्षण, मोजणी आणि तुलना ही विज्ञानाची साधने दुसऱ्या प्रश्नालाही तितकीच लागू पडतात. म्हणून दोन्ही प्रश्न एकत्रच पाहू या.

रंग येतो कुठून?

आपल्या बाह्यत्वचेच्या तळच्या थरात मेलॅनिन हे रंजकद्रव्य तयार करणाऱ्या पेशी असतात. टायरोसिन या अमिनो आम्लापासून त्या मेलॅनिन बनवतात आणि या क्रियेतील कळीचे विकर म्हणजे टायरोसिनेज. तयार झालेले मेलॅनिन सूक्ष्म पुड्यांमध्ये भरले जाते. या पुड्यांना मेलॅनोसोम म्हणतात. रंजकपेशीला फांद्यांसारखे फाटे असतात. त्यांच्यामार्फत ती आसपासच्या 30 ते 40 त्वचापेशींना या पुड्या पोचवते. त्वचापेशीत गेल्यावर मेलॅनिन केंद्रकाच्या वरच्या बाजूला, छत्री धरावी तसे, पसरते. ही छत्री सूर्याच्या अतिनील किरणांपासून केंद्रकातील डीएनएचे रक्षण करते.

आता एक आश्चर्याची गोष्ट. गोऱ्या आणि काळ्या माणसांच्या त्वचेत रंजकपेशींची संख्या जवळजवळ सारखीच असते. फरक असतो तो मेलॅनोसोमचा आकार, त्यांची संख्या, त्यांतील मेलॅनिनचा प्रकार आणि ते किती काळ टिकतात यांत. म्हणजे कारखाने सगळ्यांकडे तेवढेच, उत्पादन तेवढे कमीजास्त!

हे उत्पादन कमीजास्त का झाले, याचे उत्तर भूगोलात आहे. निना जाब्लॉन्स्की आणि जॉर्ज चॅप्लिन या संशोधकांनी 2000 साली जगभरातील स्थानिक लोकांच्या त्वचेचा रंग आणि तेथे पोचणाऱ्या अतिनील किरणांचे प्रमाण यांची सांगड घालून दाखवली. कडक उन्हाच्या प्रदेशात फोलेट या जीवनसत्त्वाचे रक्षण करायला गडद त्वचा उपयोगी, तर मंद उन्हाच्या प्रदेशात ड जीवनसत्त्व तयार व्हायला उजळ त्वचा सोयीची, असे त्यांचे स्पष्टीकरण आहे. 2005 साली झेब्राफिश या छोट्या माशाच्या फिकट जातीचा अभ्यास करताना एसएलसी24ए5 हे जनुक हाती लागले. माणसातही या जनुकातल्या एकाच अक्षराच्या बदलाने त्वचा उजळते. हैदराबादच्या पेशी व रेणवीय जीवशास्त्र केंद्रातील संशोधकांचा सहभाग असलेल्या 2013 सालच्या अभ्यासात हा बदल भारतीयांमध्येही आढळला. भारतीयांतला आणि युरोपियनांतला हा बदल एकाच मुळाचा आहे, असेही दिसून आले. अर्थात रंग ठरवणारी जनुके अनेक आहेत. त्यामुळेच एका घरात एक भाऊ निमगोरा, दुसरा सावळा आणि बहीण गव्हाळ, असे सर्रास दिसते. गरोदरपणात केशर घातलेले दूध प्यायल्याने यातले एकही जनुक बदलत नाही.

ट्यूब काय करू शकते?

रंग उजळण्याचा दावा करणारी प्रसाधने साधारणपणे तीन मार्गांनी काम करतात. एक, त्यांतील टायटॅनियम डायऑक्साइडसारखी पांढरी भुकटी चेहऱ्यावर पसरते आणि प्रकाश परावर्तित करते. चेहरा धुतला की हा परिणाम गेला. दोन, ऊन अडवणारी द्रव्ये त्वचा रापू देत नाहीत. तीन, नायसिनामाइडसारखे द्रव्य मेलॅनिनच्या पुड्या त्वचापेशींकडे जाण्याचा वेग थोडा कमी करते. हा तिसरा परिणाम प्रयोगांतून दिसला आहे, परंतु तो मर्यादित असतो आणि वापर थांबवला की त्वचा पूर्वपदावर येते.

रापणे आणि मूळ रंग यांतला फरक स्वतःच्याच हातावर पाहता येतो. दंडाची आतली बाजू आणि मनगटाची बाहेरची बाजू शेजारी शेजारी पाहा. आतली बाजू हा तुमचा मूळ रंग, बाहेरची म्हणजे मूळ रंग अधिक ऊन. बाह्यत्वचा साधारण चार आठवड्यांत नवी होते, त्यामुळे ऊन टाळले तर रापलेपण हळूहळू ओसरते. जाहिरातीतले 'चार आठवड्यांत फरक' हे वचन असे निसर्गाच्याच घड्याळावर उभे असते! श्रेय मात्र ट्यूबला मिळते.

डबीतला पारा

बंद ट्यूबबद्दल तक्रार आहे ती मुख्यतः अतिशयोक्तीची. बिनलेबलाच्या डबीचा धोका वेगळ्याच पातळीवरचा आहे. पाऱ्याचे क्षार टायरोसिनेजचे काम रोखतात, म्हणून रंग झपाट्याने उजळतो. पण पारा त्वचेतून शरीरात शिरतो आणि मूत्रपिंडांना इजा करतो. 2023 सालच्या सुरुवातीला अकोल्यातील एकाच घरातील तिघींना असे क्रीम वापरल्यानंतर मूत्रपिंडाचा विकार झाल्याचे उघडकीस आले. केरळमधील मलप्पुरम जिल्ह्यातील डॉक्टरांना 2021 ते 2023 या काळात मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट विकाराचे 15 रुग्ण आढळले. त्यांपैकी 13 जण गोरेपणाची क्रीम वापरत होते. पारा असलेल्या प्रसाधनांना आंतरराष्ट्रीय मिनामाता करारानेही मनाई केली आहे, तरी ती छुप्या मार्गाने विकली जातात.

दुसरा धोका स्टेरॉइडयुक्त मलमांचा. ही त्वचारोगांवरची औषधे. सल्ल्याविना चेहऱ्यावर महिनोन्‌महिने लावली तर त्वचा पातळ होते, लाल पडते, पुरळ येते आणि मलम थांबवताच चेहऱ्याची आग होते. मग माणूस पुन्हा तेच मलम लावतो.

म्हणून वर्गात सांगण्याचा पहिला नियम सोपा आहे : ज्या डबीवर उत्पादकाचे नाव, परवाना क्रमांक आणि घटकांची यादी नाही, ती डबी चेहऱ्यापर्यंत न्यायची नाही.

'ती' आणि 'तो'

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. 'फेअर अँड लव्हली' हे क्रीम भारतीय बाजारात 1975 साली आले. तेव्हापासून कित्येक वर्षे अशा जाहिरातींची गोष्ट ठरलेली होती. सावळी मुलगी, उतरलेला चेहरा, नकार, मग क्रीम, मग उजळलेला चेहरा आणि लग्न. पुढे मुली शिकल्या, कमावू लागल्या, तशी गोष्टीत लग्नाच्या जागी नोकरी आली. एका गाजलेल्या जाहिरातीत मुलगा असता तर बरे झाले असते, असे हळहळणाऱ्या बापाची मुलगी क्रीम लावते आणि हवाई सुंदरी होऊन घराची अडचण दूर करते. अखिल भारतीय जनवादी महिला संघटनेने अशा जाहिरातींविरुद्ध तक्रारी केल्या आणि 2003 साली त्या जाहिराती मागे घ्याव्या लागल्या. त्या जाहिरातीतली मुलगी आधीही शिकलेलीच होती, हे लक्षात घ्या. बदलला तो फक्त रंग. म्हणजे मुलीच्या शिक्षणापेक्षा तिचा रंग अधिक कमावता, असा हिशेब प्रेक्षकांसमोर मांडला गेला.

2005 साली 'फेअर अँड हँडसम' हे खास पुरुषांसाठीचे क्रीम आले. त्याच्या जाहिरातीत मुलींचे क्रीम चोरून लावणाऱ्या तरुणाची थट्टा होती. पुरुषाची त्वचा राठ, म्हणून त्याला वेगळे क्रीम हवे, असा युक्तिवाद होता. हा युक्तिवाद तपासू. पुरुषांची त्वचा सरासरीने थोडी जाड आणि अधिक तेलकट असते, हे खरे. संप्रेरकांचाही रंगावर परिणाम होतो. गरोदरपणी काही स्त्रियांच्या चेहऱ्यावर वांग येतात ते त्यामुळेच. पण टायरोसिनपासून मेलॅनिन बनण्याची साखळी दोघांत एकच आहे. वेगळी होती ती गोष्ट. स्त्रीला सांगितले गेले की तू कमी आहेस, हे लावलेस तर स्वीकारली जाशील. पुरुषाला सांगितले गेले की तू जिंकणारा आहेस, फक्त बायकी वस्तू वापरू नकोस. एकाच भीतीच्या अशा दोन ट्यूब झाल्या आणि गिऱ्हाईक दुप्पट झाले.

जाहिरातींची वाढती टीका पाहून भारतीय जाहिरात मानक परिषदेने 2014 साली नियम घालून दिले. सावळी व्यक्ती दुःखी, अनाकर्षक किंवा मागे पडलेली दाखवू नये. लग्न, नोकरी, बढती यांचा रंगाशी संबंध जोडू नये. रंगाचे नाते जात, धर्म, व्यवसाय यांच्याशी लावू नये, असे हे नियम सांगतात. ही परिषद जाहिरात व्यवसायाने स्वतःच उभारलेली संस्था आहे. 2020 साली जगभर वर्णभेदाविरुद्ध आवाज उठला, तेव्हा 'फेअर अँड लव्हली'चे नाव 'ग्लो अँड लव्हली' झाले. शब्द बदलला हे चांगलेच झाले. पण 'ग्लो', 'निखार', 'तेज' हे शब्द उच्चारताना पडद्यावर चेहरा कोणत्या दिशेने बदलतो, हे पाहायला हवे. शब्दांवर नियम लावता येतो, प्रकाशयोजनेवर लावणे अवघड.

आणि सगळा दोष जाहिरातीच्या माथी मारून आपल्याला मोकळे होता येणार नाही. सावळ्या विठ्ठलासाठी आपण मैलोन्‌मैल चालत जातो, आणि घरी परतल्यावर स्थळाच्या जाहिरातीत 'गोरी, उंच, सडपातळ' असे लिहितो. 'सावळी आहे, पण नाकीडोळी नीटस' या वाक्यातला 'पण' कोणत्याही कंपनीने शिकवलेला नाही. तो आपल्या माजघरातला आहे. जाहिरातीने त्या 'पण'ची किंमत ठरवून ती छापील वेष्टनात विकली, एवढेच.

वर्गात करून पाहू

आठवी ते दहावीच्या मुलांबरोबर पुढील उपक्रम करता येतील. एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळावे : मुलांच्या रंगांची एकमेकांशी तुलना होऊ देऊ नये. दंड आणि मनगट प्रत्येकाने आपापलेच पाहावे, त्याची नोंदही कोणाला दाखवू नये.

1. वांगे आणि बटाटा घ्या. मोबाइलने त्यांची छायाचित्रे खिडकीजवळ, बल्बखाली आणि समोर पांढरा कागद धरून घ्या. एकच वांगे किती रंगांचे दिसते! मग 'आधी' आणि 'नंतर' असे दोन चेहरे दाखवणारी एखादी जाहिरात पाहा. प्रकाश, केशरचना, कपडे, चेहऱ्यावरचे हसू यांपैकी काय काय बदलले आहे? प्रयोगात एका वेळी एकच घटक बदलायचा असतो, हा नियम येथे पाळला आहे का?

2. साबण, पावडर, क्रीम, दाढीचे सामान, केसांचे तेल यांच्या 30 जाहिराती जमवा. प्रत्येकीसाठी नोंदवा : स्त्री किती, पुरुष किती, कोण बोलते, कोणाकडे पाहिले जाते, पांढरा कोट घातलेला तज्ज्ञ कोण, काम करताना कोण दिसते, आरशात पाहताना कोण, सावळे, वयस्क, अपंग माणूस किती वेळा आणि कोणत्या भूमिकेत. अर्व्हिंग गॉफमन या समाजशास्त्रज्ञाने 1979 सालच्या आपल्या पुस्तकात शेकडो जाहिराती अशाच निरखल्या होत्या. चित्रात कोण उंच दिसतो, कोण सूचना देतो, कोणाचे हात वस्तू घट्ट पकडतात आणि कोणाचे नुसते गोंजारतात, अशा बारकाव्यांकडे त्याने लक्ष वेधले.

3. आता एखाद्या जाहिरातीतल्या स्त्री आणि पुरुष पात्रांची अदलाबदल करून मुलांना ती सादर करायला सांगा. हसू कुठे फुटते, तेथे थांबा आणि विचारा, "आपण का हसलो?" या प्रश्नावर होणारी चर्चा कोणत्याही व्याख्यानापेक्षा मोलाची असते.

त्या मुलीला मी शेवटी काय सांगितले? डबी फेकून दे आणि एकदा सरकारी दवाखान्यात लघवीची तपासणी करून घे, हे आधी सांगितले. मग तिच्या तळहातावर पेनाने छोटी छत्री काढली आणि म्हटले, "तुझ्या प्रत्येक पेशीत अशी एक आहे. आपल्याकडच्या उन्हात ती फार कामाची आहे." ती हसली. पण मागच्या रांगेचा प्रश्न माझ्या उत्तराने सुटला नव्हता. तो मुख्याध्यापकांच्या खोलीत जाऊन बोलावा लागला, आणि तेथे मेलॅनिनचा काही उपयोग झाला नाही. पुढच्या रांगेत कोणी उभे राहायचे, हे ठरवणारे हात शेवटी आपले, शिक्षकांचेच असतात.

हे उपक्रम आपल्या वर्गात केलेत तर मुलांची निरीक्षणे आम्हाला जरूर कळवा.