जुन्या क्रीडामोटारीचा क्लच

ठाणे, कल्याण व डोंबिवली ह्या शहरांचे मोटारीशी नाते केवळ रस्त्यापुरते नाही. वालचंद हिराचंद यांनी 1944 साली स्थापिलेल्या प्रीमियर कंपनीचा कारखाना जवळच कुर्ल्यास होता. पुढे 1990 नंतरच्या दशकात त्याच कंपनीने फ्रान्सच्या प्यूजो कंपनीशी भागी करून ‘309’ ही मोटार कल्याणच्या कारखान्यात बांधिली. तो उद्योग फार काळ टिकला नाही. परंतु त्या पिढीतील मोटारी काही घरांनी अजून जपून ठेविल्या आहेत. कोणाकडे ‘फियाट पालिओ’ची 1.6 लिटरची वेगवान आवृत्ती असते, तर कोणाकडे रेनोचे इंजिन बसविलेली दोन आसनांची ‘सॅन स्टॉर्म’. अशा मोटारीचा क्लच एक दिवस घसरू लागतो आणि घरात दोन पक्ष पडतात. तरुण मंडळी म्हणतात, ‘आता शर्यतीचा क्लच बसवू.’ वडील मंडळी म्हणतात, ‘बाजारात स्वस्त मिळेल तो बसवा.’ आमच्या मते दोन्ही पक्षांनी विचाराचा आरंभच चुकीच्या टोकाकडून केलेला असतो.

क्लच म्हणजे काय, हे प्रथम पाहू. इंजिनाच्या मागे फ्लायव्हील नावाचे जड चाक फिरत असते. त्याच्या व प्रेशर प्लेटच्या मध्ये, दोन्ही बाजूंस अस्तर लाविलेली क्लच प्लेट दाबून धरलेली असते. पाय दिला की दाब सुटतो. पाय काढला की पुन्हा बसतो. हा सारा घर्षणाचा खेळ असल्यामुळे त्याचे गणितही सोपे आहे. समजा दाब 400 किलो वजनाइतका, म्हणजे सुमारे 4000 न्यूटन आहे; अस्तराचा घर्षणांक 0.3 आहे, आणि घर्षणाची सरासरी त्रिज्या 8 सेंटिमीटर आहे. अस्तराच्या बाजू दोन. ह्यांचा गुणाकार केला असता तो क्लच सुमारे 190 न्यूटन-मीटर इतका पीळ न घसरता पेलतो असे दिसते. इंजिनाचा पीळ 130 असेल तर त्याच्या जवळजवळ निम्म्याइतकी शिल्लक राहिली. इतकी शिल्लक पुरेशी आहे. इंजिनाची शक्ती वाढविलेली नसताना ह्याहून दणकट क्लच बसविल्याने मोटार अधिक वेगाने पळत नाही.

मग शर्यतीच्या क्लचने होते काय? त्यात दाब वाढविलेला असतो, किंवा अस्तराच्या जागी सिरामिकच्या वड्या असतात. वाढीव दाबामुळे पेडल जड होते. सिरामिक वड्या एकदम पकड घेतात. हलकेच, अर्धवट पकडीवर गाडी पुढे सरकविणे त्यांस मानवत नाही आणि गाडी गचके देऊ लागते. शर्यतीच्या मैदानात हा दोष नव्हे. तेथे एकदा सुटले की थांबणे नाही. पण आपल्या मोटारीचे मैदान कोणते? कल्याण-शीळ रस्त्यावर सायंकाळी शीळफाट्याकडे मुंगीच्या पावलाने सरकणारी रांग, घोडबंदर रस्त्यावरील गायमुखचा चढ, आणि सुटीत फार तर कसाऱ्याचा वा माळशेजचा घाट. येथे क्लच तासाभरात शेकडो वेळा दाबावा लागतो. चढावर थांबून पुन्हा निघताना मागे दुसऱ्याची गाडी चिकटलेली असते; त्या वेळी गाडी मागे न सरकता अलगद पुढे निघणे हीच चालकाची व आत बसलेल्या मुलाबाळांची सुरक्षितता होय.

एकत्र कुटुंबात आणखी एक गोष्ट विसरून चालत नाही. मोटार एकट्या हौशी पुतण्याची नसते. ती काका चालवितात, वहिनी चालवितात, प्रसंगी गुडघे दुखत असतानाही आजोबांना दवाखान्यात नेण्यासाठी कोणीतरी चालवितेच. घरातील सर्वांत अशक्त पायास जे पेडल पेलत नाही, ते त्या घराच्या उपयोगाचे नाही.

यास्तव आमचा सल्ला असा : इंजिन मूळचेच असेल तर मूळ मापाचा, साध्या सेंद्रिय अस्तराचा क्लच घ्यावा, मात्र तो नामांकित कारखान्याचा व पुरा संच असावा. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट व रिलीज बेअरिंग ही तिन्ही एकदम बदलावीत. गिअरबॉक्स उतरविण्याची मजुरी मोठी असते. शे-पाचशे वाचविण्यासाठी जुने बेअरिंग ठेवावे आणि सहा महिन्यांनी तेच ओरडू लागले म्हणून सारी मजुरी पुन्हा द्यावी, ही काटकसर नव्हे. त्याच वेळी फ्लायव्हील तपासावे. त्यावर निळे डाग वा चिरा असतील तर ते कुशल लेथवाल्याकडून घासून घ्यावे किंवा बदलावे. इंजिनाच्या मागल्या सीलमधून तेल झिरपत असेल तर सील आधी बदलावे. तेलाचा थेंब नव्या अस्तरासही घसरवितो.

खरेदीत नावावर विसंबू नये. यूरोपात 309 ची जी ‘जीटीआय’ आवृत्ती निघाली तिचे इंजिन 1.9 लिटरचे होते. कल्याणच्या पेट्रोल मोटारीचे 1.4 लिटरचे आणि निराळ्या कुळातले. नाव एक म्हणून परदेशाहून मागविलेला क्लच येथे बसेल, असे समजणे फसवे आहे. शिवाय जुन्या वेगवान मोटारीचे इंजिन वा गिअरबॉक्स मागील मालकाने बदललेले असण्याचा संभव असतो. म्हणून जुनी प्लेट हाती येताच तिचा व्यास, मधल्या भोकातील दात्यांची संख्या व जाडी मोजावी, आणि नवी प्लेट गिअरबॉक्सच्या दांड्यावर हाताने सरकवून पाहिल्यावाचून जोडणी करू देऊ नये. कुर्ल्याच्या सीएसटी रस्त्यावर जुने सुटे भाग पुष्कळ मिळतात. दरवाजा किंवा दिवा तेथून खुशाल आणावा, पण वापरलेली क्लच प्लेट कधीही आणू नये.

खर्चात पडण्यापूर्वी रोगाची खात्री करावी हेही महत्त्वाचे. इंजिनाचा आवाज चढतो पण वेग वाढत नाही, आणि जळका वास येतो, तर क्लच घसरत आहे. पेडल नुसते जड झाले असेल तर दोष बहुधा गंजलेल्या केबलचा असतो व थोडक्यात काम भागते. पेडल दाबताच आवाज येत असेल तर संशय बेअरिंगवर घ्यावा.

शेवटी एक धोक्याची सूचना. पूर्वीच्या क्लचच्या अस्तरात ॲस्बेस्टॉस वापरीत असत, आणि त्याची धूळ फुप्फुसांस घातक असते. जुना क्लच उघडल्यावर मिस्त्रीने हवेच्या नळीने धूळ उडवू नये. ओल्या फडक्याने पुसून ते फडके पिशवीत बांधून टाकावे. हे काम इमारतीच्या अंगणात, मुले खेळत असताना तर मुळीच करू नये.

नवा क्लच बसला की पहिले सातआठशे किलोमीटर मोटार सौम्यपणे चालवावी, म्हणजे अस्तर सारखे बसते. पुढे पेडलवर पाय ठेवून विसावण्याची सवय तेवढी टाळावी. रांगेत उभे असता गिअर काढून पाय मोकळा करावा. एवढे पथ्य पाळणाऱ्या घरी साधाच क्लच वर्षानुवर्षे टिकतो, आणि हौसेची मोटार घरातल्या साऱ्यांच्या उपयोगी पडते.